'गोलपिठा' वाचताना

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. पहिलाच संग्रह, आणि त्याने मराठी कवितेची घडीच विस्कटून टाकली. मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या या तरुणाने वेश्यावस्ती, दलाल, भिकारी, सांडपाणी सगळं कवितेत आणलं, तेही तिथल्याच बोलीत. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले कितीतरी शब्द कवीला विचारावे लागले होते. त्याच वर्षी ढसाळांनी सोबत्यांसह दलित पँथर उभी केली.

आमच्या पांढरकवड्याहून दसऱ्याला माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जातात आणि येताना पुस्तकं घेऊन येतात. माझी प्रतही तिथलीच. ती मी शेजारच्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला देऊ केली, तर ती म्हणाली, "काका, मी आधी मल्लिकाबाईंचं वाचलंय. आता हे कसं वाचू?"

मल्लिका अमर शेख ढसाळांच्या पत्नी. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनात त्यांनी नवऱ्याची दारू, मारहाण, बाहेरच्या बायका आणि त्यातून स्वतःला जडलेला आजार, काही म्हणता काही झाकलेलं नाही. मुलीचा प्रश्न खराच होता.

कलावंताचं आयुष्य आठवून मन अडखळतं ते इतरत्रही. पिंक फ्लॉइड या बँडचा १९६७चा पहिला अल्बम ऐकताना त्यात गाणाऱ्या सिड बॅरेटबद्दल हळहळ वाटते. तो नशेत आणि मनाच्या आजारात बुडाला, वर्षभरात बँडमधून बाहेर पडला. तिथे मुख्यतः गाणाराच मोडला. इथे घाव दुसरीच्या अंगावर आहेत, म्हणून नुसत्या हळहळीने भागत नाही. 'कलावंत असेच असतात' हे तर मला मुळीच पटत नाही. 'गोलपिठा' दारूने लिहिला नाही. तो लिहिला ढसाळांच्या डोळ्यांनी आणि कानांनी. याच कवीने एका तरुण वेश्येवर कविता लिहिली, तर तिला मंदाकिनी पाटील असं नाव-आडनाव देऊन उभं केलं. जिला कुणी नावाने हाक मारत नाही तिचा एवढा मान ठेवणारा माणूस घरी असा वागला, हे मला आजही सहन होत नाही. आणि तरी ती कविता खोटी ठरत नाही. ती वाचली की अंगावर काटा येतोच.

मी त्या मुलीला म्हटलं, "वाच. पण मल्लिकाबाईंचं पुस्तक विसरून वाचू नकोस. त्या आठवल्या की जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांब."

पुस्तक तिने नेलं. जाताना विचारलं, "मल्लिकाबाईंच्या कविता आहेत का तुमच्याकडे?" त्या शाहीर अमर शेखांच्या कन्या, स्वतः कवयित्री. 'वाळूचा प्रियकर' हा त्यांचा संग्रह. माझ्या कपाटात तो नाही, आणि इथे कुणाच्या घरी असल्याचं ऐकलेलं नाही. यंदा दसऱ्याला जाणाऱ्यांना मी आणायला सांगितलाय, दोन प्रती.