ऋणको जेव्हा धनको होतो



पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, याचा आपण कधी विचार केला आहे काय? ती सूरह अल-बकरामधील २८२ वी आयत असून तिचा विषय कर्जाचा व्यवहार हा आहे. मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण आहे. देणेकरी आणि घेणेकरी या दोघांच्याही हक्काचे रक्षण अल्लाहला अभिप्रेत आहे.

आज आपल्या असंख्य घरांत मुलामुलींच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले असते. व्याज हराम आहे, याविषयी मुसलमानाच्या मनात शंका असता कामा नये. त्यापासून सुटण्यासाठी अनेक जण पोटाला चिमटा घेऊन मुदतीपूर्वीच कर्ज फेडतात. अशा वेळी कधी कधी देण्यापेक्षा अधिक रक्कम भरली जाते. एकरकमी भरणा केल्यानंतरही खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता थांबत नाही. कधी शिक्षणकाळातील व्याज कुटुंबाने आधीच भरलेले असते आणि त्याच काळासाठी शासनाचे व्याज-अनुदान नंतर मंजूर होते. हिशेब पाहिला तर ऋणको आता धनको झालेला असतो आणि बँक त्याचे देणे लागत असते.

अशा वेळी काही जण म्हणतात, "जाऊ द्या, मोठ्या संस्थेशी कोण भांडणार?" काही जण याला सबर समजतात. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे त्यांचे काही येणे होते, प्रेषितांनी ते फेडले आणि वर अधिकही दिले. पण ते अधिक देणे अटीविना, स्वखुशीने होते. चुकून वळता झालेला हप्ता ही स्वखुशीची देणगी नव्हे. परस्परांची मालमत्ता संमतीवाचून खाण्यास सूरह अन-निसामध्ये मनाई आहे. म्हणून ती रक्कम बँकेकडे असलेली आपली अमानत आहे, आणि अमानत ज्याची त्याला पोहोचवण्याचा आदेश त्याच सूरहमध्ये आहे.

शिवाय, ही रक्कम नेमकी कोणाची, हेही पाहा. शैक्षणिक कर्जात बहुधा वडील किंवा आई सहकर्जदार असतात. हप्ते वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून गेले असतील, तर ती सोडून देण्याचा अधिकार मुलाला कोठून आला? वडील अल्लाहला प्यारे झाले असतील, तर त्यांचे येणे हा वारशाचा भाग आहे. त्यात आईचा व बहिणींचाही वाटा आहे. स्वतःचा हक्क माफ करणे हा मोठेपणा होय. दुसऱ्याचा हक्क परस्पर माफ करता येत नाही.

हक्क मागावा कसा, हेही प्रेषितांच्या जीवनातून शिकावे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार एका माणसाचा उंट प्रेषितांकडे देणे होता. तो आला आणि कठोर शब्दांत मागू लागला. सहाबा संतापले, पण प्रेषितांनी त्यांना रोखले. ज्याचे येणे आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे, असे त्यांनी समजावले आणि त्याच्या उंटाहून चांगला उंट त्याला देवविला. येथे धनकोचा अधिकार मान्य झाला आहे. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुलूम आहे, हेही प्रेषितांनी स्पष्ट केले आहे. तरीही आपण कठोर शब्द निवडू नयेत. खिडकीपलीकडचा कारकून आपल्यासारखाच नोकरी करणारा माणूस आहे. चूक बहुधा त्याची नसते.

म्हणून प्रथम खातेउतारा घ्या, हप्त्यांच्या पावत्या जुळवा आणि जादा रक्कम नेमकी किती, हे स्वतः तपासा. मग शाखेकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोहोच घ्या. हप्ता वळता करण्याची संमती रद्द करा, कर्ज फिटल्याचा दाखला मागा आणि पतनोंदीत खाते बंद झाल्याचे पाहून घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही. लिहिण्याचा कंटाळा करू नका, हा कुरआनचा आदेश येथे किती उपयोगी पडतो, ते पाहा!

मागणीत एक रुपयाही वाढवून सांगू नका. कोणाविषयीचा राग आपल्याला न्यायापासून ढळवू नये, अशी ताकीद सूरह अल-माइदामध्ये आहे. जादा घेतलेले व्याज परत आले, तर ती आपलीच रक्कम होय; मात्र तिच्यावर बँकेने आणखी व्याज दिले, तर ते स्वतःसाठी न वापरता, सवाबाची नियत न ठेवता गरजूंना द्यावे, असे उलमा सांगतात. आणि बँकेने चुकून येण्यापेक्षा अधिक परत केले, तर? तेव्हा ती अमानत आपल्याकडे आलेली असते. पाच हजारांसाठी दहा अर्ज करणाऱ्याने पाचशे परत करण्यासाठी अकरावा अर्ज केला पाहिजे. आपला ईमान तेथे पारखला जातो.

हे अल्लाह! आम्हांला हक्क मागताना न्यायी आणि हक्क देताना उदार बनव, कर्जाच्या ओझ्यातून मुक्त कर आणि हलाल रोजीत बरकत दे. आमीन.