तिसऱ्या भेटीचा केसपेपर

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर वाटल्या जातात. नागपूर जिल्ह्यात 2019 पासून दोनऐवजी तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली. या गोळ्यांनी रक्तातले सूक्ष्म कृमी मरतात आणि डासांमार्फत होणारा प्रसार थांबतो. हे फार मोठे काम आहे. पण ज्याचा पाय पंधरा-वीस वर्षांपूर्वीच सुजून बसला आहे, त्या पायाची सूज या गोळीने उतरत नाही. लसीकावाहिन्या एकदा निकामी झाल्या की पायात साचणारे पाणी वर चढायला वाट राहत नाही. आरोग्यखात्याच्या हिशेबात त्या जिल्ह्यातला रोग कमी होत जातो आणि तो माणूस मात्र जड पाय ओढत बाजाराला जात राहतो.

अशा पायांसाठी केरळच्या उत्तर टोकाला, कासरगोडमध्ये एक दवाखाना आहे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजी हे त्याचे नाव. 1999 मध्ये तो सुरू झाला. तिथले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. एस. आर. नरहरी आणि त्यांचे सहकारी यांनी आयुर्वेद, योग आणि आधुनिक त्वचाशास्त्र यांची सांगड घालून हत्तीपायावर समन्वित उपचार उभा केला. ऑक्सफर्डचे ज्येष्ठ त्वचारोगतज्ज्ञ प्रा. टेरेन्स रायन यांची त्यांना दीर्घकाळ साथ मिळाली. 'प्रत्येक रुग्णाला त्याच्यापुरता, पूर्ण माणसाचा विचार करून उपचार' हे वाक्य आता बऱ्याच दवाखान्यांच्या माहितीपत्रकात असते. ते खरोखर कसे पुढे सरकते, हे समजून घ्यायला मला कासरगोडचे उदाहरण सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण तिथे सगळे डोळ्यांना दिसते आणि टेपने मोजता येते.

तिथला उपचार पायाच्या बोटांच्या बेचक्यांपासून सुरू होतो. सुजलेल्या पायाची बोटे एकमेकांना चिकटून बसतात. मधली जागा ओली राहते, पांढरी पडते, चिरते आणि तिथे बुरशी धरते. जंतू आत शिरतात ते याच चिरांतून. मग हुडहुडी भरून ताप येतो, पाय लालभडक होतो, जांघेत गाठ येते आणि माणूस काही दिवस अंथरुणाला खिळतो. ताप उतरतो, पण अशा प्रत्येक झटक्यात उरल्यासुरल्या लसीकावाहिन्या आणखी खराब होतात आणि पाय आधीपेक्षा थोडा जाडच राहतो. म्हणून पहिले काम म्हणजे पाय साबणाने नीट धुणे, बेचक्यांतले पाणी मऊ कापडाने टिपून घेणे, बुरशीवर मलम लावणे आणि गरज असेल तर प्रतिजैविक देणे. त्यानंतर औषधी वनस्पतींच्या फांटात, म्हणजे त्या गरम पाण्यात भिजवून गाळलेल्या द्रवात, पाय बुडवून ठेवतात. मग श्वसनाचे व्यायाम आणि आसने, तेल लावून जांघेच्या दिशेने मालिश, वर दाबपट्टी, आणि पट्टी बांधलेल्या पायाने पुन्हा व्यायाम. लसीकेला ढकलायला हृदयासारखा पंप नसतो. पायाच्या स्नायूंची हालचाल आणि खोल श्वास यांचा त्या कामात मोठा वाटा असतो. इथे योगासनांना जागा मिळाली ती परंपरेच्या आदरापोटी नव्हे. शरीराच्या रचनेतच त्यांना काम आहे.

आता यात व्यक्तीपुरते काय आहे? पाय धुणे तर सगळ्यांना सारखेच. पण एकाची त्वचा लाल, आग होणारी असते, दुसऱ्याची कोरडी, भेगाळलेली, तिसऱ्याची जाड आणि गाठाळ. वैद्य दोषांच्या भाषेत विचार करून तेल आणि फांट ठरवतो. मधुमेह असेल तर पायाची जाणीव मंदावलेली असू शकते, पाणी किती गरम आहे हे त्या माणसाला कळतच नाही. पायाच्या रोहिण्या तुंबलेल्या असतील तर घट्ट पट्टीने पाय गमावण्याची वेळ येईल. हृदय दुबळे असेल तर पायातले पाणी एकदम वर ढकलणे जिवावर बेतेल. म्हणजे वैद्याने तेल निवडण्याआधी कुणीतरी पायाची नाडी हाताने चाचपून पाहिलेली असली पाहिजे, छातीला स्टेथोस्कोप लावलेला असला पाहिजे. दोन शास्त्रे एका छपराखाली आणून भागत नाही, दोन्ही शास्त्रांतल्या माणसांनी त्याच पायाकडे एकमेकांदेखत पाहावे लागते. आमच्याकडे सर्व उपचारपद्धती उपलब्ध आहेत, अशी पाटी लावणारी बरीच केंद्रे इथेच कमी पडतात. पहिल्या खोलीत काय ठरले हे दुसऱ्या खोलीला माहीत नसते. रुग्ण तीन पिशव्या औषधे घेऊन घरी जातो आणि त्यांचा एकमेकांशी मेळ घालायचे काम त्याच्याच डोक्यावर येते.

त्यापुढचे प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाहीत. रोज पट्टी कोण बांधणार? वाकून स्वतःच्या पोटऱ्यांपर्यंत हात न पोचणाऱ्या बाईला सून बांधून देईल का? घरात नळ आहे की पाणी लांबून आणायचे? माणूस भाताच्या खाचरात दिवसभर चिखलात उभा राहतो का? राहत असेल तर 'पाय कोरडा ठेवा' हा सल्ला त्याला कामधंदा सोडा म्हणण्यासारखाच आहे. हे सगळे विचारले नाही तर उत्तम औषधसुद्धा फुकट जाते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असे आपल्याकडे म्हणतात ते याच प्रकाराला.

मला जे सांगायचे आहे ते इथून सुरू होते. पहिल्या भेटीत तासभर बोलणे, आहार, झोप, काळज्या, घरची परिस्थिती, लहानपणचे आजार सगळे लिहून घेणे हे चांगलेच आहे, आणि आपल्या देशात ते दुर्मीळही आहे. जगभरच्या तपासणी-वेळांचा आढावा 2017 मध्ये बीएमजे ओपन या नियतकालिकात आला होता. त्यात भारतातल्या प्राथमिक तपासणीची सरासरी वेळ दोन-सव्वादोन मिनिटे दिली आहे. इतक्या वेळात जीभ दाखवून होते आणि गोळ्या हातात पडतात. त्यामुळे कुणी तासभर ऐकून घेतले की रुग्णाला गहिवरून येते आणि त्याला वाटते, हाच खरा उपचार. पण पूर्ण माणसाकडे पाहणे पहिल्या भेटीत सिद्ध होत नाही. त्या तासाभरात मिळालेल्या माहितीने पुढे काय बदलले, यावर ते ठरते. दुसऱ्या भेटीत आधीचा अंदाज तपासला गेला का, आणि तिसऱ्या भेटीच्या केसपेपरवर एखादी गोष्ट खोडून नवी लिहिली गेली का? व्यक्तीपुरता उपचार ओळखण्याची मला माहीत असलेली सगळ्यांत भरवशाची खूण हीच आहे.

पाय सुधारू लागला की पट्टी सैल पडते आणि ती नव्याने बांधावी लागते. बेचक्या सुकल्या की मलम बंद होते. फांटाने एखाद्याची त्वचा चुरचुरत असेल तर तो बदलायचा किंवा सोडायचा. पायाचा घेर ठरलेल्या ठिकाणी पुन्हा मोजायचा. घेर कमी झाला नसेल तर पट्टी चुकते आहे, पट्टी सुटते आहे की निदानच चुकले आहे, हे शोधायचे. आणि हळूहळू सगळे काम दवाखान्याच्या हातातून रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हातात जायचे. सुरुवातीला रुग्ण शिकतो, नंतर घरी स्वतः करतो. उपचार पुढे सरकतो आहे याचा अर्थ दवाखान्याची गरज कमी होत जाते असा असला पाहिजे. जिथे प्रत्येक भेटीत एक नवे चूर्ण, एक नवी चाचणी आणि एक नवा मालिशचा कोर्स वाढत जातो आणि काहीच वजा होत नाही, तिथे माणसाचा विचार कधीच थांबलेला असतो. 'दहा दिवसांचे पंचकर्म' आधी पैसे भरून घ्यायचे आणि वैद्याने नंतर तपासायचे, हा तर सरळ उलटा कारभार आहे. पंचकर्मातले कुठले कर्म कुणाला करू नये हे सांगण्यात आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत.

व्यक्ती बदलली की औषधाचा परिणाम कसा बदलतो, याचे मुंबईतले उदाहरण आपल्याला फार जवळचे आहे. केईएम रुग्णालयातल्या औषधशास्त्रज्ञ डॉ. शरदिनी डहाणूकर ('फुलवा'च्या लेखिका म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षे काम केले. पित्तनलिका अडल्याने कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिली, तेव्हा जंतुसंसर्ग आणि मृत्यू कमी झाल्याचे त्यांना आढळले. 1993 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अभ्यास लहान होता, पण रुग्ण निवडलेले होते, मात्रा ठरलेली होती आणि देखरेख रुग्णालयाची होती. त्यानंतर कोविड आला. घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून वाटेल तितका आणि वाटेल तितके दिवस. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये सहा रुग्णांची नोंद केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. स्वतःच्याच पेशींवर हल्ला करणारा आजार अंगात दबून असलेल्यांना हा धोका जास्त असावा, असा त्या डॉक्टरांचा निष्कर्ष होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद झाला, आणि त्या वादात लोकांनी गुळवेल चांगली की वाईट एवढेच विचारले. कुणाला, किती, किती दिवस आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारणारे थोडेच निघाले. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य समन्वित उपचाराच्या नावाने बोलले जाते तेव्हा मला राग येतो. रोग्याला न पाहता दिलेले औषध कुठल्याही शास्त्राचे असले तरी सारखेच आंधळे असते.

आधुनिक वैद्यकाचा आग्रह धरणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला बगल देता कामा नये. प्रत्येकाचा उपचार वेगळा असेल तर तो खरोखर लागू पडतो की नाही हे कसे ठरवायचे? कोइंबतूरला याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतले संधिवाततज्ज्ञ डॅनियल फर्स्ट आणि कोइंबतूरचे वैद्य यांनी मिळून आमवातसदृश संधिवाताच्या 43 रुग्णांवर चाचणी केली. एका गटाला आयुर्वेदाची औषधे, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध, तिसऱ्याला दोन्ही. वैद्याला प्रत्येक रुग्ण तपासून त्याच्यापुरती औषधे निवडण्याची मोकळीक होती, तरी कुणाला खरे औषध मिळते आहे आणि कुणाला दिखाऊ, हे ना रुग्णाला ठाऊक होते ना तपासणाऱ्याला. 2011 मध्ये निष्कर्ष आले. तिन्ही गटांत सुधारणा साधारण सारखी होती. 43 रुग्णांवरून मोठा दावा कुणी करू नये, आणि त्या संशोधकांनीही तो केवळ पथदर्शी अभ्यास असल्याचे म्हटले. पण 'आमचा उपचार व्यक्तीपुरता असल्याने तो तपासता येत नाही' ही सबब त्यानंतर उरली नाही.

कासरगोडच्या उपचाराचीही अशीच परीक्षा झाली. गुलबर्गा आणि अलाप्पुळा या दोन जिल्ह्यांत 730 रुग्णांना तो गावपातळीवर शिकवला गेला आणि 2013 मध्ये त्याचा अहवाल आला. पायांची सूज उतरली, तापाचे झटके कमी झाले. तुलनेसाठी वेगळा गट मात्र नव्हता, आणि सुरुवात केलेल्यांपैकी बरेच जण पुढच्या तपासण्यांना आले नाहीत. हे गळलेले रुग्ण मला त्या अहवालातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतात. रोज पाय धुणे, भिजवणे, मालिश, पट्टी, व्यायाम याला वेळ लागतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याकडे नेमका तोच नसतो. पूर्ण माणसाचा विचार करायचा तर त्याच्या मजुरीचाही करावा लागेल. तो अजून तरी आपल्या आरोग्यव्यवस्थेत फारसा कुणी करत नाही, ना सरकारी दवाखान्यात, ना महागड्या खासगी केंद्रात. विदर्भातल्या हत्तीपायाच्या रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात टब, साबण, मलम आणि पाय कसा धुवायचा हे सावकाश दाखवणारी परिचारिका मिळाली, तरी समन्वित उपचाराचा अर्धा भाग पूर्ण होईल. त्याला आलिशान इमारत लागत नाही. आठवड्यातून एक दुपार त्या कामासाठी राखून ठेवावी लागते, आणि तीच दुपार पुढच्या महिन्यातही राखावी लागते.

तुम्ही किंवा तुमच्या घरचे कुणी अशा दवाखान्यात जाणार असाल तर चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी बरोबर न्या, त्यात काढे, चूर्णे आणि शेजाऱ्याने सुचवलेल्या गोळ्याही लिहा. आधीच्या डॉक्टरांनी दिलेले रक्तदाबाचे, साखरेचे किंवा फिटचे औषध त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पहिल्याच दिवशी विचारा: माझ्यात काय सुधारले हे आपण कशावरून ठरवणार, आणि किती दिवसांनी? आणि तिसऱ्यांदा जाल तेव्हा केसपेपर मागून वाचा. त्यात पहिल्या दिवसाचाच मजकूर पुन्हा उतरवलेला असेल, काहीही मोजलेले नसेल आणि काहीच कमी केलेले नसेल, तर दवाखाना बदला.