वाया गेलेल्या पत्रकावरचा देव

एखाद्या देवस्थानाचे किंवा धार्मिक संस्थेचे पत्र हजारो घरी एकदम जायचे असते, तेव्हा पाकिटे हाताने भरणे परवडत नाही. भाविकाचे नाव छापलेले पत्र मशीनच्या पट्ट्यावरून पुढे सरकते आणि वाटेतल्या एकेका फीडरमधून एकेक कागद त्याच्याजवळ येऊन पडतो. देणगीचा फॉर्म, परतीचे पाकीट आणि देवाचा गुळगुळीत रंगीत फोटो. मग सगळे मिळून पाकिटात जाते.

हा फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच छापखान्यातून गठ्ठ्यांनी आलेला असतो. पुरवठादाराला आधीच बजावलेले असते: सगळे कागद एकाच तोंडाने लावा, घडीची बाजू एकीकडे ठेवा, कोपरे वळलेले नकोत. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि कडेने वाकतो, म्हणून गठ्ठे आधी मशीनच्या खोलीत ठेवून तिथल्या हवेला सरावू द्यायचे. आणखी एक अट असतेच: लागतात त्यापेक्षा थोडे जास्त पाठवा. मशीन लावताना काही कागद जातात, दोन कागद चिकटून आले की सेन्सर मशीन थांबवतो, अडकलेला कागद फाटतो. वेस्टेज धरल्याशिवाय काम पुरे होत नाही.

नाव असलेले पत्र फाटले तर बारकोडवरून शोधून ते पुन्हा छापतात, नाहीतर एक घर वगळले जाईल. फोटोला कुणाचेच नाव नसते. तो फाटला की गठ्ठ्यातला पुढचा निघतो. पाळी संपते तेव्हा मशीनच्या पायाशी चुरगळलेले, रोलरचे डाग पडलेले फोटो उरतात आणि शेजारी न वापरलेला अर्धा गठ्ठा. हिशेबात ही रद्दी. पण ती उचलणाऱ्याचा हात थबकतो. पाय लागला तर तो खाली वाकून नमस्कार करतो. बाकीची रद्दी पोत्यात जाते आणि हे कागद कपाटावर वेगळे रचले जातात, कारण त्यांचे करायचे काय हे कुणीच सांगितलेले नसते.

मग हा कागद देव की माल?

शास्त्राचे उत्तर वाटते तितके अवघड नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत दगड, लाकूड, धातू यांच्याबरोबर रंगरेषांनी काढलेली प्रतिमा आहे आणि मनात उभी केलेलीही आहे. तिथेच असेही सांगितले आहे की चित्राला स्नान घालू नये, नुसते पुसून घ्यावे. कोणत्या वस्तूला काय सोसते, याचे भान पूजाविधीतच आहे. शिवाय पूजेची सुरुवात आवाहनाने होते. ज्याला कुणी बोलावलेच नाही, त्याचे विसर्जन कसले? या तर्काने मशीनखालचा फोटो निव्वळ कागद ठरतो आणि श्रेडरमध्ये टाकायला हरकत उरत नाही.

तर्क बरोबर आहे, पण तो चुकीच्या माणसाच्या सोयीचा आहे. पाकिटात फोटो का घातला? तो पाहून हात जोडले जातील, पाकीट कचऱ्यात जाणार नाही, फॉर्म भरला जाईल म्हणून. घेणाऱ्याच्या श्रद्धेवर भिस्त ठेवून ज्याने तो चेहरा छापला, त्याला वेस्टेजच्या वेळी ‘हा तर नुसता कागद’ असे म्हणता येणार नाही. थबकलेला हात अडाणीपणाचा नाही. छापून घेणाऱ्याने टाळलेली जबाबदारी तो हात निभावतो आहे.

छापील देवाला मात्र कमी लेखू नये, आणि नाशिककरांनी तर नाहीच. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने 1894 पासून देवदेवतांची चित्रे घरोघरी नेली. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्याचे काम करत होते. याच नाशकात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या सोबतीने हजारो माणसे रामाच्या दाराशी उभी राहिली आणि दार बंदच राहिले. चार पैशांचे छापील चित्र विकत घेणाऱ्याला मात्र कुणी जात विचारत नव्हते. मुबलक छपाईचे हे पुण्य मोठे आहे.

त्याच मुबलकतेची दुसरी बाजू गोदावरीत दिसते. जुने फोटो, फ्रेमा, काचेसकट नदीत. चित्राला स्नान घालू नये हे जुने भान असताना आपण ते नदीत सोडतो, हे दुखते. नाशिकच्याच वकील तृप्ती गायकवाड यांनी 2019 मध्ये संपूर्णम सेवा फाउंडेशन सुरू केले. तिथे जुन्या मूर्ती आणि फोटो गोळा करतात, उत्तरपूजा करतात आणि मग काच, लाकूड, कागद वेगळे करून पुन्हा उपयोगात आणतात. इतर परंपरांनीही वाट काढलेली आहे. शीख समाज जीर्ण गुरू ग्रंथसाहिबला सन्मानाने अग्नी देतो, तर ज्यू लोक देवाचे नाव असलेले कागद साठवून पुढे पुरतात. निरोप कसा द्यायचा ते या सगळ्यांनी ठरवून ठेवले आहे.

ठरवण्याची शिस्त नाशिकला शिकवायला नको. नाशिकरोडला 1925 पासून प्रतिभूती मुद्रणालय आणि 1928 पासून नोटांचा छापखाना आहे. तिथे बिघडलेला कागदही मोजला जातो, नोंदला जातो आणि देखरेखीखाली नष्ट होतो. त्याच्यावर सरकारचा शब्द छापलेला असतो, म्हणून. देवाचा चेहरा छापलेल्या कागदाला इतका तरी हिशेब का नसावा?

2027 चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतो आहे. पत्रके, पाकिटे, आवाहने यांचा पूर लोटेल. छापायला देणाऱ्या संस्थेने आधी स्वतःला विचारावे, की फोटो खरोखर हवा आहे का? देवळाच्या कळसाचे रेखाचित्र पुरेल का? फोटो हवाच असेल तर तो सुट्या पत्रकावर न घालता नाव असलेल्या पत्रावरच छापता येईल. त्याचा प्रत्येक कागद हिशेबात असतो आणि घरी गेल्यावर तो ठेवायचा की नाही, हे घेणारा ठरवतो. आणि सुटे पत्रकच हवे असेल, तर कामाच्या ऑर्डरवर दोन ओळी वाढवाव्यात: जादा प्रती किती, आणि उरलेल्या व बिघडलेल्या प्रती मोजून कुणाकडे परत पाठवायच्या. म्हणजे कपाटावरचा गठ्ठा परत जाईल आणि त्याची उत्तरपूजा करून लगदा करण्याचे काम ज्याने चेहरा छापून घेतला त्याच्याच दारात होईल.