उणे दोन वानरे

भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात वानरांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करायचे आणि उरेल त्याचा वर्ग करायचा. तेवढी वानरे गुहेत गेली, एक फांदीवर चढलेले दिसते आहे, तर कळप केवढा? सोडवले की उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले ७, त्याचा वर्ग ४९, आणि फांदीवरचे एक. हिशेब जुळतो. पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की उणे २. उणे दोनाचा वर्ग ४, त्यात एक मिळवला की ५. हिशेब इथेही जुळतो. तरी आचार्य सांगतात की हे दुसरे उत्तर घेऊ नये, कारण अशा उघड ऋण राशीची लोकांना प्रतीती नसते. नवल असे की धन आणि ऋण यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे करावेत हे याच ग्रंथाच्या आरंभी त्यांनीच शिकवले आहे. त्याआधी पाचशे वर्षे, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांनी हे नियम लिहून ठेवले होते. म्हणजे नियम हाताशी होते, उत्तर बरोबर होते, अडले होते ते फक्त प्रतीतीपाशी.

आज हीच अडचण सहावी-सातवीच्या वर्गात रोज उभी राहते. बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या शाळेत काय किंवा पुण्याच्या काय, 'पूर्णांक संख्या' हा धडा आला की मुले एक वाक्य पाठ करतात: ऋण गुणिले ऋण, धन. परीक्षेपुरते ते वाक्य टिकते. ते खरे का, हे विचारले तर पुस्तकात आहे, गुरुजींनी सांगितले आहे, याहून निराळे उत्तर बहुधा येत नाही. आपल्या दर्शनांच्या भाषेत हे शब्दप्रमाण झाले. जे डोळ्यांना दिसत नाही ते आप्तवाक्यावर मानावे की स्वतःच्या अनुभवाने पटवून घ्यावे, हा धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. मराठी संतपरंपरेने त्यात ऐकीव ज्ञानापेक्षा प्रचीतीला वरचे आसन दिले. पूर्णांकांचा सराव मुलांना गोड कसा करावा हा प्रश्न आपण शिक्षकांच्या क्लृप्त्यांवर सोडून देतो, पण मला तो याच जुन्या प्रश्नाचा एक भाग वाटतो. आणि त्याचे माझे उत्तर असे आहे: ऋण संख्येची प्रचीती जिथे येऊ शकते ती जागा खेळाची आहे. खेळ हा तिथे वरून लावलेला गूळ नसतो.

हे पटवायचे तर ऋण संख्या ही कोणत्या जातीची वस्तू आहे ते आधी पाहायला हवे. वैशेषिकांनी पुढच्या काळात अभावाला स्वतंत्र, सातवा पदार्थ मानले. 'जमिनीवर घट नाही' या ज्ञानाला काही विषय असलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. प्राभाकर मीमांसकांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते तिथे नुसती जमीन आहे, वेगळा अभाव नाही. पण हा सगळा वाद शून्यापाशी संपतो. घट नसणे म्हणजे शून्य घट. उणे दोन घट म्हणजे काय, हे 'नाही' या शब्दात मावत नाही. तिथे 'उलट' हा शब्द लागतो, आणि उलटेपणा हा कोणत्याही एका वस्तूत राहत नाही, तो दोघांच्या नात्यात राहतो. सतराव्या शतकातला पास्कल शून्यातून ४ काढले तर शून्यच उरते असे मानत होता, आणि १७५८ मध्ये लंडनमध्ये फ्रान्सिस मासेरेस याने ऋण चिन्हाच्या वापरावर एक आख्खा प्रबंध लिहून एकट्या ऋण राशीला बीजगणितातून बाहेर काढायचा प्रयत्न केला. ही मंदबुद्धीची माणसे नव्हती. ती ऋण संख्येला वस्तूंमध्ये शोधत होती, आणि वस्तूंमध्ये ती सापडत नाही. सारीपाटावरची सोंगटी घ्या. लाकडाचा तुकडा म्हणून ती काहीच नाही. ती कशी चालते, कशाने मरते, कुठे घरात जाते, एवढेच तिचे असणे. ऋण संख्याही अशीच नियमांत आणि नात्यांत जगते. अशा गोष्टीची ओळख व्याख्येने होत नाही, ती चालवून पाहावी लागते, आणि चालवून पाहणे म्हणजेच खेळणे.

इतिहासही हेच दाखवतो. चीनमध्ये ऋण राशी रुळल्या त्या मोजणीच्या काड्यांवर. तिसऱ्या शतकातल्या लिऊ ह्वेईच्या भाष्यात धनासाठी तांबड्या आणि ऋणासाठी काळ्या काड्यांची सांगड आहे. हात काड्या मांडत आणि उचलत होता, म्हणून बुद्धी अडखळली नाही. आपल्याकडे त्यासाठी चिंचोके आहेत. भाजून, फोडून दोन दले केली की आतली बाजू पांढरी, बाहेरची काळपट. पटावर फाशांऐवजी असे चिंचोके टाकून खेळणे खेड्यात जुने आहे. पांढरे दल म्हणजे धन एक, काळे म्हणजे ऋण एक, आणि एक पांढरे-एक काळे समोरासमोर आले की दोन्ही फिटली, एवढाच नियम ठरवावा. दहा दले टाकली, सहा पांढरी चार काळी पडली: किंमत २. आता ३ मधून उणे २ वजा करा. समोर तीन पांढरी आहेत, काढायची दोन काळी, आणि काळे तर एकही नाही. इथे मूल थांबते, आणि हे थांबणे फार मोलाचे आहे. मग त्याला सुचते, किंवा शेजारच्याला सुचते, की दोन जोड्या आणून ठेवल्या तर किंमत बदलत नाही, कारण प्रत्येक जोडी शून्यच आहे. ठेवल्या, दोन काळी उचलली, पांढरी पाच उरली. ऋण काढून घेतले की धन वाढते हे कोणी सांगितले नाही, हातातून निघाले. शून्य हे रिकामे नसून त्यात समतोल साधलेल्या कितीही जोड्या दडू शकतात, हा विचार वेदान्ताच्या पाठाला शोभेल असा आहे, आणि तो अकरा वर्षांच्या मुलाला जमिनीवर बसून मिळतो.

यावर एक आक्षेप चौसाळ्यासारख्या गावात तरी टाळता येणार नाही. धुळे-सोलापूर महामार्गावरचे, बालाघाटाच्या पठारावरचे हे गाव. या जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. समजा उचल १,००,००० रुपयांची आणि हंगामभराची तोड भरली ८०,००० रुपयांची, तर घरी येताना २०,००० अंगावर राहतात, आणि पुढचा हंगाम उणे वीस हजारांपासून सुरू होतो. त्या घरातल्या मुलाला शून्याच्या खालची संख्या पुस्तकाच्या आधी माहीत असते. मग कर्जाचा खेळ कसा करायचा? जे आई-बापाच्या पाठीवर आहे त्यावर फाशे टाकणे क्रूरपणाचे नाही का? हा आक्षेप मला खरा वाटतो. वर्गात कर्जाचीच उदाहरणे घालू नयेत हे मान्य. पण त्या मुलापासून ऋण संख्या दूर ठेवण्याने उचल फिटणार नाही. उलट त्याच्या मनात ऋण हा शब्द लाजेशी आणि दोषाशी घट्ट बांधलेला असतो, तो सोडवणे हे शाळेचे काम आहे. आपला धार्मिक संस्कारही इथे सावधपणे तपासावा लागतो. परंपरा ज्याचा संबंध ज्ञानदेवांशी जोडते त्या मोक्षपटावर साप हे दुर्गुण आणि शिड्या हे सद्गुण असतात. खाली येणे म्हणजे पाप. चित्रगुप्ताची वहीही अशीच. पूर्णांकांच्या खेळात हा अर्थ आणू नये. तिथे खाली जाणे हे पतन नाही, ती फक्त दुसरी दिशा आहे. परंपरेतच याहून मोकळा अर्थ आहे: माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो हा विचार. ते ऋण कलंक नाही, ते नाते आहे. आणि ऋषींचे ऋण फिटते ते अध्ययनाने. ज्या मुलाने काळी आणि पांढरी दले समान मानाने हाताळली आहेत, ते मुकादमाच्या वहीतला आकडाही न घाबरता तपासू शकेल, हा लाभ मी लहान मानत नाही.

दुसरा आक्षेप तपाचा. विद्या कष्टाने येते, खेळाने मन उथळ होते, आणि आपले आजोबा पावकी-निमकी-औटकी घोकूनच हिशेबात पक्के झाले, असे सांगितले जाते. घोकण्याचे मोल मी नाकारत नाही. पाढे म्हणणाऱ्या वर्गाला ताल होता, एकसूर होता. तेही नीरस नव्हतेच. पण पाढ्याने वेग येतो, चिन्हाचा अर्थ येत नाही. शिवाय अभ्यास या शब्दाची पतंजलींनी केलेली मांडणी पाहावी. दीर्घकाळ आणि अखंड, या दोन अटींबरोबर ते तिसरी अट घालतात ती सत्काराची: आदराने, आस्थेने केलेला. मारून मुटकून केलेल्या शंभर वजाबाक्यांत पहिल्या दोन अटी पुऱ्या होतील, तिसरी होणार नाही. मात्र याच कसोटीवर बक्षिसांचे आणि गुणांच्या शर्यतीचे 'मजेदार' गणितही नापास होते. चॉकलेटसाठी सोडवलेल्या उदाहरणात आस्था चॉकलेटवर असते. ब्रह्मसूत्रांत सृष्टीला लीला म्हटले आहे, म्हणजे बाहेरच्या प्रयोजनासाठी न केलेली कृती. चिंचोक्यांचा डाव त्या अर्थाने लीला आहे, कारण त्याचा आनंद उत्तर जुळण्यातच आहे. आणि भास्कराचार्यांनी आपल्या अंकगणिताला नाव दिले ते 'लीलावती', हे मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही.

आता वानरांकडे परत जावे. उणे २ गुणिले उणे २ म्हणजे दोन काळी दले दोनदा काढून घ्यायची. समोर काहीच नाही, म्हणून चार जोड्या मांडायच्या. दोन काळी उचलली, पुन्हा दोन उचलली. जमिनीवर चार पांढरी उरली. पाचवे, फांदीवरचे, त्यांच्या शेजारी ठेवले की ११५० च्या सुमारास बाजूला सारलेले उत्तर पुरे होते. मुलांतले एखादे इथे नक्की म्हणेल की पण गुहेत उणे दोनाच्या हिशेबाने वानरे जात नाहीत. मग आचार्यांनी पाच का नाकारले ते त्यालाही कळले आहे, आणि पाच बरोबर का होते तेही.