वर्ण : निमगोरा

मावसबहिणीचा पहिला फोटो आला तेव्हा मी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला होते. कुठल्याशा फेस सीरमची मागची बाजू, आणि खाली, "ताई, घेऊ का?" तेव्हापासून घरात कुणीही कॅनॉटमधून किंवा गुलमंडीवरून तोंडाला लावायचं काही घेतलं, की आधी त्याच्या पाठीचा फोटो मला येतो. मला हे आवडायचं, खोटं कशाला बोलू? मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांतली ती नावं वाचता येणं ही आमच्या खानदानात फक्त माझी विद्या.

विद्या तशी अवघड नाही, तुम्हालाही सांगते. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर येतात, पण कोणत्याही क्रमाने. म्हणजे प्रत्येक यादीत एक न दिसणारी रेघ असते. रेघेच्या वर बहुतेक वेळा पाणी, ग्लिसरीन, एखादं तेल. रेघ शोधायची एक खूण आहे : फिनॉक्सीएथेनॉल. माल खराब होऊ नये म्हणून ते घालतात, आणि एक टक्क्याच्या वर ते घालायची मुभा नसते. त्यामुळे डबीवर मोठ्ठं केशराचं फूल असेल आणि यादीत केशर फिनॉक्सीएथेनॉलच्याही मागे असेल, तर आत केशर किती असेल ते समजून घ्या. अर्थात थोडं म्हणजे निरुपयोगी असंही नाही. रेटिनॉल एक टक्क्याच्या आतही काम करतं.

तीनशेची बाटली आणि बाराशेची बाटली शेजारी ठेवायची. वरची पाच नावं तीच निघाली, की फरक वासाचा आणि काचेचा. बहीण खूश, तिचे नऊशे रुपये वाचले. मी खूश, कारण कंपनीचं पितळ उघडं पाडलं.

मग दोन वर्षांपूर्वी तिचा बायोडेटा करायची वेळ आली. घरात लॅपटॉप माझा, म्हणून टाइप मी करत होते. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण. "वर्ण" या ओळीवर माझी बोटं थांबली. बहीण सावळी आहे. मावशी मागे उभी होती. म्हणाली, "निमगोरा लिही गं."

मी तिच्याकडे पाहिलं. "अगं, सगळेच एक पायरी वर लिहितात," मावशी म्हणाली, "आणि वाचणारेसुद्धा एक पायरी खाली धरूनच वाचतात. मग यात खोटं कुठे आलं?" हे बोलणं झालं ते सावळ्या विठ्ठलाच्या तसबिरीखाली. पण त्या वेळी ते ध्यानात आलं नाही. मी "निमगोरा" टाइप केलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

साताठ महिन्यांनी बहिणीचा एक फोटो आला. पांढरी प्लॅस्टिकची डबी, झाकणावर गुलाबी स्टिकर. मी लिहिलं, "मागची बाजू पाठव." उत्तर आलं, "मागे काही नाहीये."

डबी पार्लरवालीकडची होती. तीन आठवड्यांत रंग खरंच उजळला होता, आणि मला घाबरवलं ते त्यानेच. इतक्या झटपट रंग उतरवणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये सहसा दोन गोष्टींचा संशय घ्यावा लागतो. एक, स्टेरॉइड. वांगावर डॉक्टर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तिहेरी ट्यूब देतात, पण ती काही आठवड्यांपुरती. लोक ती वर्षानुवर्षं गोरेपणाची क्रीम म्हणून फासतात. कातडी पातळ होते, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो. दुसरा संशय पाऱ्याचा. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि किडनीवर जातो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, किडनीचा आजार झाला. तिघी एकच क्रीम लावत होत्या, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासलं तर तिच्यात पारा निघाला. ही बातमी २०२३ च्या सुरुवातीला आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आली होती. डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर आपल्या नियमांत पाऱ्याला जागा आहे ती नकळत राहिलेल्या दहा लाखांत एका भागापुरती. पण नियम यादीला लागू होतो. यादीच नसेल तर?

मी फोनवर तासभर बोलले. अकोला सांगितलं, पारा सांगितला. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, तू गोरी आहेस. तुला हे वाचत बसायला परवडतं." आणि मग, "निमगोरा तूच लिहिलंस ना? मग मला निमगोरी व्हायला नको का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वैद्यकीय नीतिशास्त्रात आम्हाला शिकवलं होतं की माणसाची संमती खरी धरायची तर तीन गोष्टी लागतात. त्याला माहिती मिळाली पाहिजे, ती समजली पाहिजे, आणि "नको" म्हणायची मोकळीक पाहिजे. बाटलीवरची यादी पहिली गोष्ट देते. दुसरी मी देत होते, आणि तेवढ्यावर स्वतःला शहाणी समजत होते. तिसरी ना कंपनी देऊ शकते, ना फार्मसिस्ट. ती घरातून मिळावी लागते. आणि घरातून तर मी तिच्या हातात चुकीचं लेबल दिलं होतं.

चोविशीतली मुलगी, चेहरा तिचा, पैसे तिचे. हौसेने लिपस्टिक लावणारीला आपण अडवत नाही, अडवूही नये. पण हौसेला मागे फिरता येतं. आज लावावंसं वाटलं, उद्या नाही. बहिणीला त्या डबीपासून मागे फिरता येत नव्हतं, कारण पुढे कागदावर तिचा रंग आधीच जाहीर झाला होता.

मावशीचा मुद्दा मी पुष्कळ दिवस घोळवला, कारण तो कच्चा नाही. सगळेच वाढवून लिहितात आणि सगळेच घटवून वाचतात, तर फसवलं कोणाला? वाचणाऱ्याला नाही, हे खरं. पण बायोडेटा जिच्याबद्दल आहे तीही तो वाचते. आणि आपला रंग आहे तसा लिहिणं घरच्यांना जमलं नाही, हे तिला त्यातून कळतं. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं, तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो होतो. नाव बदलून काय होतं, असं मीच म्हणाले होते.

आपल्याकडच्या बहुतेक शाळांची सहल एकदा तरी अजिंठ्याला जाते. आमचीही गेली होती. सतराव्या लेण्यात हातात आरसा घेऊन शृंगार करणारी एक स्त्री आहे, ती सावळी आहे. तिथल्या भिंतींवर सावळे, गव्हाळ, गोरे सगळे एकमेकांना खेटून उभे आहेत. त्या रंगांचे घटकही माहीत आहेत : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी, आणि बाहेरून आणलेला निळा लाजवर्द. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमाराला, या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ आणले गेले. त्यांनी लाखेचं रोगण दिलं. हेतू चांगला होता, हातही जाणकाराचे होते. पुढे ते रोगण पिवळं पडलं, तडकलं, आणि खालचे रंग झाकोळले. ते उतरवायला नंतरच्या लोकांची वर्षानुवर्षं गेली.

बहिणीने डबी लगेच टाकली नाही. पंधरा दिवसांनी टाकली, तेही मी स्वतः तिच्याकडे जाऊन माफी मागितल्यावर. लघवीची आणि रक्ताची तपासणी करून घेतली, सुदैवाने सगळं ठीक निघालं. चेहरा मात्र पुढे दोन महिने लाल राहिला. त्वचेच्या डॉक्टरांकडे आम्ही बरोबरच जायचो.

मग एका रविवारी मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, "सावळा लिहू?" ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नको. ओळच काढ." मावशी स्वयंपाकघरातून ऐकत होती. काही बोलली नाही, पण चहा आणून ठेवताना स्क्रीनकडे एकदा वाकून पाहिलं.

ओळ काढल्यापासून दोन स्थळांनी फोन करून रंग विचारला. मावशीने पहिल्याला सांगितलं, "फोटो पाठवलाय." दुसऱ्याला म्हणाली, "सावळी आहे." तिथून पुन्हा फोन आला नाही. मावशीला त्या रात्री झोप लागली नाही, हेही मला माहीत आहे.

फोटो अजून येतात. परवा सनस्क्रीनचा आला. मी यादी वाचली, रेघ शोधली, आणि उत्तर लिहिण्याआधी पहिल्यांदाच तिला विचारलं, "कशासाठी घेतेयस?"

"वाळूजच्या नोकरीला स्कूटीने जाते ना, ऊन लागतं," ती म्हणाली.

"मग घे," मी लिहिलं.