झामेनहोफनं नेमकं काय गोठवलं?

सॉफ्टवेअरला 'एक नवी भाषा करून दे' असं सांगितलं की स्वर-व्यंजनांचा तक्ता, विभक्तीचे प्रत्यय, काळ, पाच-सहाशे शब्द असं सगळं काही मिनिटांत हातात पडतं. लगेच 'भाषा तयार झाली' अशी घोषणाही होते. मला हे मान्य नाही. ज्या तक्त्यात अजून एकही माणूस चुकलेला नाही, त्याला भाषा म्हणायला माझं मन धजत नाही.

कृत्रिम भाषेची कल्पना जुनी आहे. 1668 साली जॉन विल्किन्सनं जगातल्या सगळ्या वस्तूंची वर्गवारी करून तिच्यावर भाषा उभारली. टॉल्कीनची फिनिश वळणाची क्वेन्या आणि पडद्यासाठी रचलेली, कर्म आधी, कर्ता शेवटी ठेवणारी क्लिंगॉन वाचकांना ठाऊक आहेतच. या सगळ्यांत भाषा कर्त्याच्या मालकीची, हे गृहीतच होतं. 1880च्या सुमारास जर्मन धर्मगुरू श्लायरची व्होलाप्युक आली. चिनी लोकांना जड जाऊ नये म्हणून त्यानं 'र' जवळजवळ वगळला होता. 1889च्या पॅरिस अधिवेशनाचं कामकाजही त्याच भाषेत चाललं. पण व्याकरण सोपं करण्याचा विषय निघाला, तेव्हा श्लायरनं अखेरचा नकाराधिकार स्वतःकडे मागितला आणि चळवळ फुटली.

एस्पेरांतोचा प्रवास त्या अधिवेशनाच्या दोन वर्षं आधी, 1887 साली, वॉर्सात सुरू झाला होता. तिचे कर्ते डॉ. झामेनहोफ यांच्या पुस्तिकेत सोळा नियम होते: नामाला '-ओ', विशेषणाला '-आ', वर्तमानाला '-आस', आघात नेहमी उपांत्य स्वरावर. आजही एस्पेरांतोच्या यशाचं श्रेय या सोळा नियमांनाच दिलं जातं. पण पुस्तिकेच्या सुरुवातीलाच झामेनहोफनं भाषेवरचे सगळे वैयक्तिक हक्क सोडल्याचं छापलं होतं, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

1905 साली बुलोन्य-स्युर-मेरला पहिलं जागतिक अधिवेशन भरलं. तिथे व्याकरण, उदाहरणं आणि शब्दसंग्रह यांचा 'फुंदामेंतो' अपरिवर्तनीय ठरला. काही जण याला पोथीनिष्ठा म्हणतात. मला हे वाचन उलटं वाटतं. 1894 साली झामेनहोफनं स्वतःच मोठ्या सुधारणा सुचवल्या होत्या आणि त्याच्या मासिकाच्या वर्गणीदारांनी मतदान करून त्या फेटाळल्या होत्या. अकरा वर्षांनी बुलोन्यच्या जाहीरनाम्यानं सांगितलं की एस्पेरांतोला कुणी कायदेकर्ता नाही, फुंदामेंतो बदलण्याचा अधिकार कुणालाही नाही आणि त्यापलीकडची झामेनहोफची मतं इतर कुणाच्याही मतांसारखी खासगी आहेत. गोठवला गेला तो सुधारणेचा अधिकार, आणि त्यात कर्त्याचाही अधिकार गेला. नवे शब्द जुन्यांशेजारी आणायला मुभा होती. त्यांतला कोणता टिकेल, हे बोलणाऱ्यांवर होतं.

हे कसं घडतं ते एका ध्वनीत दिसतं. एस्पेरांतोत उर्दूतल्या 'ख़बर'च्या 'ख़'सारखा घर्षक ध्वनी आहे. रसायनशास्त्राला मूळ शब्द होता 'ख़ेमीओ'. अनेकांच्या जिभेला तो ध्वनी अवघड गेला. 'केमीओ' रूढ झालं. 'ख़ाओसो'चंही 'काओसो' झालं. नियम कुणी बदलला नाही, अक्षर अजून वर्णमालेत आहे, पण त्याचे शब्द एकेक करून गळत गेले.

1907 साली पुढे आलेली ईदो, म्हणजे एस्पेरांतोचीच सुधारित आवृत्ती, कागदावर अधिक नेटकी होती: टोपीवाली अक्षरं नाहीत, विशेषणाचं अनेकवचन नाही, कर्माच्या प्रत्ययाची सक्ती नाही. सुधारणेच्या बाजूनं तिचे प्रवर्तक कूतुरा यांचा युक्तिवाद भक्कम होता, हे मी नाकारत नाही. पण सुधारणेचं दार उघडंच राहिलं आणि नियम बदलत राहिले. उलट एस्पेरांतोत '-आता' आणि '-इता' या कृदन्तांवर अनेक वर्षं कडाक्याचा वाद चालला. त्यांतून काळ दिसतो, की क्रिया चालू आहे वा पूर्ण झाली हे दिसतं? सोळा नियमांत त्याचं पुरेसं उत्तर नव्हतं आणि कर्ता तर 1917 सालीच गेला होता. अखेर 1967 साली एस्पेरांतोच्या अकादमीनं निकाल दिला. तो क्रियेच्या पूर्णतेच्या बाजूचा होता, आणि आधार घेतला होता तो झामेनहोफच्या स्वतःच्या लेखनातल्या वापराचा.