वाघ ठेवायचा की काढायचा?

मूल धीट व्हावं म्हणून त्याला गोष्टी सांगाव्यात, यावर बहुतेक पालकांचं एकमत असतं. अडचण त्यापुढे सुरू होते. गोष्टीत भीतीच नसेल तर धैर्य कशासाठी, आणि भीती ठेवली तर ती रात्री अंथरुणात येते. खालचा संवाद या पेचावर आहे. भाची कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते आणि तिची चार वर्षांची लेक नुकती बालवाडीत जाऊ लागली आहे. मावशीची उभी हयात बालवाडीत गेली.

भाची : मावशी, म्हातारीच्या गोष्टीतला वाघ मी काढून टाकलाय.

मावशी : मग उरलं काय?

भाची : म्हातारी लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, आणि भोपळ्यात बसून घरी येते.

मावशी : भोपळ्यात कशाला? चालत का नाही येत?

भाची : माझ्या लेकीनेही हेच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. पण करू काय? वाघाची गोष्ट सांगितली त्या रात्री ती दचकून उठली. खिडकीत वाघ बसलाय म्हणाली. आणि हा विचार काही माझा एकटीचा नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की देव रात्रीबेरात्री परक्यांची रूपं घेऊन हिंडतात असल्या गोष्टी सांगून आयांनी मुलांना घाबरवू नये, अशाने मुलं भित्री होतात. पुढे तर तो कवितांमधली पाताळाची भयाण वर्णनंही गाळायला सांगतो. नगराचं रक्षण करणारे मरणाला भिणारे नकोत म्हणून. शूर माणसं हवीत तर भयाच्या गोष्टी नकोत, हे म्हणणं चोवीसशे वर्षांपूर्वीचं आहे.

मावशी : आयांबद्दल बोलला ते खरंच आहे. जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल, झोपला नाहीस तर बुवा झोळीत घालून नेईल. तो बुवा घरात आणतो कोण? आपणच. पण त्याच्यात आणि म्हातारीच्या वाघात फार फरक आहे गं. बागुलबुवाला गोष्ट नसते. तो कुठून येतो, त्याला काय हवं असतं, त्याला चुकवता येतं का, कुणी काही सांगत नाही. त्याच्यापासून सुटायचा रस्ता एकच, मोठ्यांचं मुकाट ऐकायचं. वाघाला मात्र म्हातारी स्वतः चुकवते.

भाची : लबाडीने. लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा, असा शब्द देते आणि मोडते. याला धैर्य म्हणायचं का?

मावशी : लहानांच्या गोष्टी आठव. ससा सिंहाला विहिरीपाशी नेतो. माकड मगरीला सांगतं, काळीज झाडावर राहिलं. यातल्या एकाच्याही अंगात बळ नाही. मुलाला आपण केवढे आहोत ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याला हेच जवळचे वाटतात. तलवारवाला त्याला आवडतो, पण तो दुसरा कुणीतरी असतो. आणि म्हातारीचं धैर्य मला विचारशील तर ते वाघासमोरचं नव्हेच. लेकीकडे खायला-प्यायला आहे, माया आहे, वाटेत वाघ टपून बसलाय हे माहीत आहे. तरी ती घरी जायला निघते. ते निघणं बघ.

भाची : हे मात्र आमच्या विषयातलं निघालं. प्लेटोचा ‘लाखेस’ नावाचा संवाद आहे, धैर्य म्हणजे काय यावर. त्यात नीकियास हा सेनापती म्हणतो की काहीच कळत नाही म्हणून न भिणाऱ्या मुलांना मी धैर्यवान म्हणणार नाही. न भिणं वेगळं आणि धैर्य वेगळं. माझी लेक दीड वर्षाची होती तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायला धावायची. आता तेच कुत्रं पलीकडच्या फुटपाथवर दिसलं तरी माझा पदर धरते. मला वाटायचं, ही भित्री झाली. नीकियासच्या हिशेबाने ती आत्ता कुठे धैर्याच्या दारात आली.

मावशी : तीन-चार वर्षांचं झालं की मुलाला समोर नसलेलंही दिसायला लागतं. काठीचा घोडा होतो तो याच वयात, आणि अंधारात कुणीतरी उभं राहतं तेही याच वयात. एकाच शक्तीची ही दोन कामं आहेत. भीती नको म्हणून तिला दाबशील, तर घोडाही जाईल.

भाची : पण माँटेसरीबाईंचं मत वेगळं होतं. लहान वयात खऱ्या जगाची ओळख हवी, परीकथांची घाई नको.

मावशी : आणि त्यांचीच पद्धत घेऊन गुजरातच्या गिजुभाईंनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, पण गोष्ट काही सोडली नाही. गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर त्यांनी वेगळा ग्रंथ लिहिला. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करत होत्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, मग ते काम कोसबाडला गेलं, त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते पुढे नेलं. आमच्यासारख्या बालवाडीच्या बायकांना गोष्ट मिळाली ती या वाटेने. गिजुभाईंचा आग्रह होता की गोष्ट आधी आनंदासाठी. आपण ती औषधासारखी पाजायला लागलो की मुलाला पहिल्या घोटात कळतं.

भाची : मग मी चुकीचाच प्रश्न घेऊन आले म्हणायचं. मला गोष्ट हवी आहे ती लेक धीट व्हावी म्हणूनच. रोज सकाळी बालवाडीच्या फाटकात रडते, माझा हात सोडत नाही.

मावशी : तुला धीट मूल हवंय, की न रडणारं?

भाची : एकच नाही का ते?

मावशी : अजिबात नाही. ‘रडतोस काय, मावळा ना तू?’ असं म्हणून गप्प केलेली कितीतरी पोरं मी पाहिली आहेत. ती रडायची थांबतात. दुपारी पोटात दुखतं म्हणून सांगतात. भीती कुठे गेलेली नसते, ती सांगायची नाही एवढं मूल शिकलेलं असतं. पुढे कुणी त्याच्याशी वाईट वागलं तर हेच शिकलेलं मूल घरी येऊन बोलेल का? आणि खरोखरची धीट पोर हवी असेल तर आणखी एक तयारी ठेव. ती कधीतरी तुलाही नाही म्हणेल. काकांना पापा दे म्हणालीस तर देणार नाही म्हणेल, चारचौघांत.

इथे भाची बराच वेळ काही बोलली नाही. मला मावशीचा हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांपुढे, शाळेच्या फाटकात, अंधाऱ्या जिन्यात मूल शूर असावं आणि आपल्यापुढे ते आज्ञाधारक असावं, अशी आपली इच्छा असते. या दोन्ही गोष्टी एका मुलात नेहमी सुखाने नांदत नाहीत.

भाची : तरीही फाटकाचं काय? कुठली गोष्ट सांगू?

मावशी : हिरकणीची सांगून बघ.

भाची : सांगितली की. धैर्याची गोष्ट म्हणून पहिली तीच आठवली. कोजागिरीची रात्र, रायगडाचे दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरते, महाराज तिथे बुरूज बांधवतात. लेकीने कड्याबद्दल एक शब्द विचारला नाही. बुरुजाबद्दलही नाही. सारखं एकच, बाळ रडत होतं का? त्याला भूक लागली होती का? मग आई आली का?

मावशी : तिने गोष्ट बरोबर ऐकली. हिरकणी तू आहेस. ती पाळण्यातलं बाळ आहे. तुला ती पराक्रमाची आख्यायिका वाटते. तिच्यासाठी ती परत येणाऱ्या आईची गोष्ट आहे. दरवाजे बंद झाले तरी आई येतेच. फाटकात हात सोडायला लागतं ते एवढंच.

भाची : म्हणजे धैर्य गोष्टीतून येतच नाही? ते माझ्या परत येण्यातून येतं?

मावशी : दोन्ही एकमेकांना धरून असतात. पण मी एक पाहत आले आहे. आई सांगते, मी इथेच बाहेर उभी आहे, आणि मूल खेळात रमलं की मागच्या दाराने सटकते. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला हिरकणी सांगून काय उपयोग? त्याची हिरकणी पळून गेलेली असते.

भाची : मघाशी मी म्हातारीला खोटारडी म्हणाले.

मावशी : वाघाशी खोटं बोलली ती. लेकीशी बोलली नाही.

भाची : ते पटतंय. पण वाघाचं मला अजून सगळं पटलेलं नाही. दुपारी उजेडात सांगेन, तिने मागितला तर. रात्री नाही सांगणार.

मावशी : चालेल की. आणि मागितला तर परत परत सांग, एक शब्द न बदलता. मुलं तीच गोष्ट दहादा मागतात तेव्हा वाघ कुठल्या वळणावर येतो ते आधीच माहीत असणं त्यांना हवं असतं. मधेच थांबव म्हणाली तर थांब. वाघ तिच्या हातात असू दे.

भाची : आणि पुढच्या आठवड्यात तिची लस आहे, त्याचं काय? सगळे म्हणतात, मुंगी चावल्यासारखं होतं म्हणून सांग.

मावशी : दुखेल म्हणून सांग. थोडा वेळ दुखेल, हात जड वाटेल, मी तुला धरून बसेन. जे होणार आहे तेच सांग.

भाची : आणि मग ती आलीच नाही तर?

मावशी : तर उचलून ने. लस चुकवायची नाही. वाटेत रडू दे, ओरडू दे. पण तू शूर आहेस म्हणून नेतेय असं तिला सांगू नकोस. मी मोठी आहे आणि हे मी ठरवलंय, असं सांग.

भाची : त्याने ती माझ्यावर चिडेल.

मावशी : चिडू दे ना. तुझ्यावर चिडायलाही तिला धीर लागेलच.